काजाएवढं

संध्याकाळी दुकानाचं शटर ओढावं तशी
ऋजूची डावी पापणी खाली येते.
आधी आम्ही झोप म्हटलं, मग आळस.
बाई म्हणाल्या, नाटकं. तेही ऐकून घेतलं.
चौथ्या घासाला जबडा थांबतो तिचा,
पोळी तोंडात तशीच.

मुंबई नाक्याच्या दवाखान्यात सर्जन म्हणाले,
छातीच्या हाडामागे एक ग्रंथी असते,
लहानपणीचीच काय ती तिची नोकरी.
हिची घरच्याच माणसांवर उठली आहे.
हाड कापायचं नाही. कुशीत तीन भोकं.
केवढी?
ते पेन शोधत राहिले.
मी पिशवीतला अर्धवट शर्ट काढला,
काजावर बोट ठेवलं.
एवढं?
एवढंच.

वीस वर्षं काजं करते मी जेल रोडला.
कात्री एक धागा पुढे गेली
की कापड उसवतच राहतं.
हे त्यांना सांगितलं नाही.

बाकावर बसलो होतो
तेव्हा ह्यांच्या फोनमध्ये बाराच्या गोळीचा गजर वाजला.
बंद करायचं सुचेना दोघांनाही.

शुद्धीवर आल्यावर म्हणाली,
आई, बटणं कुठे गं?

लगेच नाही, डॉक्टर म्हणालेत. वर्षही लागेल.
काल पापणी साडेसातला आली,
आज पावणेआठला.
परवा सातलाच आली होती.
मापांच्या वहीत लिहून ठेवते,
खैरनार काकूंच्या बाहीखाली.