बर्फावर पट्टा बांधायचा नाही

बर्फावरून गाडी न्यायची तर पट्टा बांधायचा नाही,
आमच्या हियुमा बेटावर तशी पाटीच लावतात किनाऱ्याला.
बर्फ फुटलाच तर झटकन बाहेर पडता आलं पाहिजे.
आणि यूलोच्या मॉस्कविचचं माझ्या बाजूचं दार
सात वर्षं उघडलेलं नाही.

"खिडकीतून निघशील," तो म्हणाला.
मी बासष्ट वर्षांची, अंगात दोन स्वेटर, वर कोट.
दार उघडलं तरच येते, म्हटलं.
अकरा हिवाळ्यांनंतर भावाशी बोललेलं
माझं पहिलं वाक्य हे.

पलीकडे हेल्दी आत्याची नव्वदी. फेरीबोट दुरुस्तीला.
नाहीतर तो माझ्या फाटकाशी आला नसता,
आणि मी पडदा सरकवला नसता.

त्याच्या शेडमध्ये गाडी जाळ्यांखाली उभी होती.
रंग मोहरीचा; जिथे रंग नाही तिथे गंज,
जिथे गंजही नाही तिथे पुट्टी.
"अर्धी गाडी मीठच आहे," यूलो म्हणाला, गाडीला.

तो आत बसला, मी बाहेर उभी.
त्यानं दाराचं अस्तर सोललं.
आत वाळू, एक मेलेली गांधीलमाशी,
आणि वडिलांची सुताराची चपटी पेन्सिल, चाकूनं टोक काढलेली.
त्यानं ती खिशात घातली.
मी हँडलकडे बघत राहिले.

खटक्यात तेल सोडलं. थांबलो.
पुन्हा तेल. पुन्हा थांबलो.
"आता मी सळई दाबतो, तू ओढ."
ओढलं.
"आत्ता नाही. म्हणेन तेव्हा."
म्हणाला तेव्हा ओढलं, तर म्हणे उशीर झाला.
असं किती वेळा, मोजलं नाही.
शेवटी दोघांपैकी कोणीच काही म्हटलं नाही
आणि दार उघडलं,
डुक्कर ओरडावं तसं ओरडत.

मग खटक्याचे तीन बोल्ट.
आटे कुठले आणि गंज कुठला, कळत नव्हतं.
यूलोनं ज्योत धरली, मी तापल्या लोखंडाला मेणबत्ती टेकवली,
मेण आपसूक आत शिरलं, वाळूत पाणी जिरावं तसं.
नाताळची मेणबत्ती होती, लाल.
वडील सांगायचे, अडलेला बोल्ट आधी थोडा आवळायचा.
सोडवायला निघालो म्हणून लगेच सोडवायला लागायचं नाही.
जरा आवळ, जरा सैल कर, पुन्हा आवळ.
हे मी मोठ्यानं म्हटलं की मनात, आठवत नाही,
पण यूलोचा पाना उलटा फिरला.

पहिला निघाला. दुसरा निघाला.
तिसरा अचानक मऊ लागला हाताला.
सुटणारा बोल्ट आणि तुटणारा बोल्ट
त्या एका क्षणापुरते अगदी सारखे लागतात.
यूलोनं माझ्याकडे पाहिलं.
त्याच्या पान्यात नुसतं डोकं होतं, षटकोनी,
त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी शेवटचं पाहिलं
वडिलांची होडी विकून तो घरी आला त्या संध्याकाळी.

"दोनांवर धरेल," मी म्हटलं.
"खडखडेल."
"खडखडू दे."

सकाळी निघालो. पट्टे सुटे, काचा अर्ध्या खाली,
डोळ्यांना पाणी आणणारा वारा.
हळू तरी जायचं, नाहीतर चांगलं जोरात;
मधल्या वेगानं बर्फाखाली लाट उठते.
आणि थांबायचं नाही.
कडेला रोवलेल्या जुनिपरच्या फांद्या एकेक मागे पडत होत्या.
दार खडखडत होतं, मी हँडलवर हात ठेवून बसले होते,
एवढ्या खटपटीनं उघडलेलं दार
आता उघडू नये म्हणून.

अर्ध्या वाटेवर यूलोनं खिशात हात घातला
आणि पेन्सिल डॅशबोर्डवर ठेवली, माझ्या बाजूला.
गाडी उसळत होती, काचा थरथरत होत्या,
वरचे नाणे, किल्ल्या, तुटल्या बोल्टचं डोकं,
सगळं इकडून तिकडे घरंगळत होतं.
पेन्सिल चपटी. जागची हलली नाही.