सात नंबरचा डबा

आमचा रस्ता कुठेच जात नाही.
अकरा घरांपर्यंत येतो, वळतो,
आणि आल्या वाटेने परत निघतो,
पाहुण्याने उंबऱ्यावरूनच निघावं तसा.
तोंडाशी पाटी: फर्न्ली क्लोज.
तिचा एक कोपरा कुणाच्या तरी फुटबॉलने चेपलेला.

सहा वर्षं राहतो इथे.
शेजारणीच्या कुत्र्याचं नाव पहिल्या आठवड्यात कळलं,
तिचं स्वतःचं दुसऱ्या नाताळात,
तेही चुकून माझ्याकडे आलेल्या पार्सलवरून.
व्हेरोना पिंकनी.
इथे बोलायचं ते कुंपणाच्या उंचीवरून:
"आज जरा बरं आहे, नाही?"
"हो, पण वारा आहे."
एवढ्यावर माणसं वीस-वीस वर्षं काढतात,
आणि वाईट काढतात असंही नाही.

बुधवारी कचऱ्याची गाडी.
एका आठवड्याला काळा डबा, पुढच्याला तपकिरी,
मध्ये सुट्टी आली की सगळं एक दिवस पुढे.
कौन्सिलचं वेळापत्रक प्रत्येकाच्या फ्रिजवर.
वाचत कुणीच नाही.
मंगळवारी सातच्या सुमारास
पडदा बोटभर सारायचा
आणि सात नंबरने काय ठेवलंय ते बघायचं.

सात नंबर म्हणजे ॲम्ब्रोज टिलकॉट,
बुटांच्या कारखान्यात एकेचाळीस वर्षं.
डब्याची मूठ रस्त्याकडे, झाकण घट्ट,
जणू उद्या त्याची तपासणी आहे.
त्याचा पाहून माझा, माझा पाहून रादेक आणि बोझेनाचा,
मग समोरची ओळ.
फरसबंदीवर चाकांचा खडखडाट,
आमच्या गल्लीची एवढीच काय ती सांजआरती.

ऑक्टोबरात एका रात्री ॲम्ब्युलन्स आली,
सायरन नाही,
घाई नसल्यासारखी.
नीट दिसावं म्हणून
प्रत्येकाने आपापला दिवा मालवला.

पुढच्या मंगळवारी सात वाजले.
साडेसात.
अकरा खिडक्यांपैकी दहांचे पडदे
बोटभर हलत राहिले.
साडेआठला, का कोण जाणे,
मीच तपकिरी डबा ओढत नेला,
आणि पाठ फिरवतो न फिरवतो तोच
मागे खडखड, खडखड.

सकाळी गाडी आली.
नारिंगी जाकिटातल्या माणसाने ती ओळ पाहिली,
मान हलवली,
आणि गाडी वळून निघून गेली.
आठवडा काळ्याचा होता.

आम्ही बाहेर आलो. ड्रेसिंग गाऊन, सपाता,
रादेकच्या तोंडात ब्रश.
मिसेस हेस्केथना मी विस्कटल्या केसांनी
प्रथमच पाहत होतो.
माझ्याकडे कुणी पाहिलं नाही,
म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं.
मग व्हेरोनाला हसू फुटलं.
"ॲम्ब्रोजने आपल्याला फाडून खाल्लं असतं."
"छे," मिसेस हेस्केथ म्हणाल्या,
"तो नुसता स्वतःचा डबा सरळ करत राहिला असता,
आपण शरमेने मरेपर्यंत."

वीस मिनिटं उभे होतो, थंडीत.
मला कळलं की रादेकला साखर झालीय,
की व्हेरोना नर्स होती आणि त्या रात्री
ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तिनेच त्याचा हात धरला होता,
की माझ्या दारासमोरच्या गटारातली पानं
कौन्सिल काढत नाही.
कधीच काढत नव्हती.
मी सहा वर्षं कौन्सिलला चांगलं म्हणत होतो.

मग कुणाची तरी किटली आठवली, कुणाचं ऑफिस.
डबे आत जाऊ लागले.
सवयीने मोजले:
दहा असायला हवे होते.
अकरा.
सात नंबरच्या फाटकापाशीही एक,
मूठ रस्त्याकडे, झाकण घट्ट.
कुणी ठेवला, कुणी विचारलं नाही.
तेवढं विचारण्याइतकी ओळख
अजून झालेली नव्हती.

सगळे गेल्यावर मीच तो आत नेला.
रिकामा होता,
म्हणून जरा जास्तच वाजला.