हरिगीर साहेबाचा फरमा

नाव त्याचं हारग्रीव्हज. नांदेडात ते कुणाच्या जिभेवर बसेना,
म्हणून वजिराबादेत तो हरिगीर झाला,
एखाद्या मठातून उठून आल्यासारखा.
गिरणीत विणकाम खात्याचा मास्तर.
भोंगा झाला की आमच्या गोणपाटापाशी यायचा,
उजवा पाय आधी, डावा मागून, मोजून.

पहिल्या दिवशी त्यानं पिशवीतून बॉल काढला,
शिवण उसवलेली, आतला ब्लॅडर जिभेसारखा बाहेर.
बापानं तो नाकाशी धरला.
"गाईचं. पाठीचं. पण बाभळीत कमावलेलं न्हाई."
साहेब म्हणाला, ओक.
बापाला ओक ठाऊक नव्हता, साहेबाला बाभूळ.
दोघं जरा वेळ नुसते बॉलकडे बघत बसले.

मग टाक्याटाक्यामधून, मोडक्या हिंदुस्थानीत,
त्यानं सांगितलं ते असं:
बाराव्या वर्षी सकाळी मागावर, दुपारी शाळेत, वर्गात झोप.
थोरला भाऊ लढाईत गेला,
त्याचे बूट ह्याच्याकडे आले, बोटांपाशी सरकी कोंबून.
त्याच बुटांवर क्लबानं उचलला.
हिवाळ्यात आठवड्याला आठ पौंड, उन्हाळ्यात सहा.
"उन्हाळ्यात पाय कमी जेवतात व्हय?" बापानं विचारलं.
साहेब हसला नाही.
पुढं एका क्लबानं दुसऱ्याला विकला.
विकला?
विकला. नऊशे पौंडांना. मला त्यातले दहा.

आरी चामड्यातच राहिली.
"माळेगावच्या जत्रेत घोडं विकतेत तसं?
कामून, दात बी बघितले का?"
साहेबानं विजार वर केली, गुडघा पुढं केला.
"दात नाही. हे."
आडवी पांढरी रेघ, बाजूला टाक्यांचे ठिपके.
बापानं अंगठा फिरवला (मी इकडंतिकडं पाहिलं,
कुणी बघत नव्हतं) आणि एवढंच म्हणाला,
"शिवणारा घाईत व्हता."

ब्लॅडर मी तोंडानं फुगवायचो.
रबराची ती चव अजून येते कधी, ताप चढला की.

मग गिरणीचा संघ उभा राहिला.
जाबर सय्यद मस्तान गोलात, बाकी अनवाणी.
कारकून वामनराव कंधारकर पायानं फार गोड खेळायचे,
पण बॉल डोक्यावर आला की मान बाजूला.
गाईचं कातडं शेंडीवर कसं घ्यायचं?
साहेब रेघेवरून ओरडायचा, कपाळाला हात मारून.
पूर्णेच्या रेल्वेवाल्यांशी मॅच, एक एक अशी बरोबरी,
उजेड निम्मा सरलेला,
आणि वामनराव कसे कोण जाणे उडाले.
कपाळावर दोरीची गाठ उमटली, बॉल आत.
त्या रात्री ते गोदावरीत तीनदा बुडाले म्हणे.
सकाळी आमच्याकडं आले, लांब उभे राहिले,
बापाला म्हणाले,
"गाठ जरा आत दाबून शिवा. लागते."

साहेब सात हिवाळे राहिला. क्लबात होता त्याच्याहून दोन जास्ती.
दुसरी लढाई पेटली त्या दिवाळीच्या आधी गेला.
बॉल मस्तानच्या पोरांनी फाडला.
कागद, फोटो, काही नाही.

बापानं त्याचे दोन फरमे केले होते, सागाचे.
उजवा सरळ.
डाव्याला आंगठ्याशी टेंगूळ, त्यावर चकती ठोकलेली,
घोट्याला दरवर्षी एक एक जादा पट्टी,
कारण पाय सुजत गेला आणि बाप मोजत गेला.
पट्ट्या सात आहेत. मी काढलेल्या नाहीत.

परवा स्टेडियमवरचं एक पोरगं आलं,
खिळ्यांचे नवे बूट घेऊन. डावा चावतो म्हणे.
त्याला म्हणालो, ठेवून जा.
आणि रात्रभर त्यात
हरिगीर साहेबाचा डावा पाय
ठोकून बसवला.