एकास पंचवीस

बेकर्सफिल्डला रात्री अकरालाही
गॅरेजचा पत्रा गार होत नाही.
वेंडेल छप्पर कापतोय,
बत्तीस सालच्या कूपेचं,
साडेतीन मिलिमीटर, श्वास धरून,
जसं काही आत कुणी झोपलंय.

खिडक्यांच्या आता नुसत्या फटी.
"यातून दिसणार काय?" मी विचारते.
"त्यातून बघायचं नसतं, ओलीटा.
त्यात दिसायचं असतं."

इंजिनावर बॉनेट नाही, मुद्दाम.
प्लगच्या वायरी माझ्या शिवणपेटीतल्या :
काळ्या दोऱ्याचे आठ तुकडे.
सातवा सापडत नाही.
ऐंशीला टेकलेला माणूस
टॉर्च दातांत धरून फरशीवर रांगतोय.

खरी चेसिस ऑइलडेलला, भावाच्या शेडमध्ये
सहा वर्षं ठोकळ्यांवर उभी होती.
आधी डॅरिलचे दात आले, तारा लावून सरळ करायचे,
मग कूलर,
मग ती गेली पंचाहत्तर डॉलरला.
त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

प्लास्टिकच्या चमच्यांवर अकरा लाल वाळताहेत.
त्यातला एकही तो नाही.

मी जुनी पर्स काढते. तळाशी
नेलपॉलिशची बाटली, गोठलेली.
तो झाकण पकडीने फिरवतो, थिनर घालतो,
हलवतो. आतली गोळी टकटक वाजते.
बाराव्या चमच्यावर एक हात.

"जरा नारिंगी वाटतोय," तो म्हणतो.
"नारिंगीच होता. तूच लाल लाल म्हणायचास."

बराच वेळ तो चमचा दिव्याखाली फिरवत राहतो.

सातवा दोरा
माझ्या चपलेला चिकटलेला निघाला.