मोठी पट्टी

एजन्सीच्या तक्त्यात आंघोळीला वीस मिनिटं.
मगदूम आण्णांना पंचेचाळीस लागतात,
त्यातली दहा बनियनच्या एका बाहीत.

माझी पाळी रात्री आठ ते सकाळी आठ.
मी कागलहून पोचते तोवर त्यांचं जेवण झालेलं असतं,
दिवस मावळायच्या आत, आयुष्यभर तसंच.
नऊच्या गोळीला मात्र पाणी घेतात.
"गोळी म्हंजे काय जेवण न्हवं, शमशाद,"
असं मला सांगतात, आणि भिंतीवरच्या महावीरांनाही.

उद्यमनगरात चाळीस वर्षं
त्यांनी पंप लाकडात घडवले,
इंजिनांची डोकी, चरकाचे दात.
लोखंड मागनं यायचं. आधी सागवान, आधी आण्णा.
पॅटर्न मेकर : हा शब्द अजून अखंड निघतो तोंडातनं,
बाकीचे अर्ध्यात सांडतात.
बशी त्यांच्या हातात वाजत राहते,
म्हणून मी कप अर्धाच भरते,
दोनदा.

दिवाळीत मोरीत घसरले. हाड वाचलं.
जयपालदादानं पुण्याहून चकचकीत दांडी पाठवली,
प्लंबरनं खोक्यावरच्या चित्राबरहुकूम ठोकली.
आण्णांनी एकदा धरली, सोडली.
"पिशवी काढ माझी. माळ्यावर, उजवीकडं."

पिशवीत कानस, पटाशी, भुश्शाचा वास,
आणि दोन पट्ट्या.
एकीवर एक ठेवली मी,
पहिली रेघ जुळली, फुटाच्या टोकाला चुकली.
"ही खोटी हाय, आण्णा."
"खोटी न्हवं. मोठी हाय. फुटाला एक सूत.
लोखंड निवताना आकसतंय.
नेमक्या मापाचा साचा केलास
तर जे हातात येतंय ते कुटंच बसत न्हाई.
म्हणून आधीच जागा सोडायची."
एवढं बोलायला त्यांना भाजी चिरून होईल इतका वेळ लागला.
मी भाजी चिरली नाही.

मग मोरीच्या दारात उभे राहिले.
मी कंबर धरली,
त्यांनी हवेत हात टाकला, जिथं तो आपसूक जातो तिथं,
आणि पेन्सिल टेकवली.
हात थरथरला, सात खुणा झाल्या,
मुंग्यांची ओळ चालल्यागत.
"मधली धर," म्हणाले.
प्लंबर म्हणाला, कंपनीच्या मापानं लावलंय, काका.
"कंपनी न्हाई पडत तितं."
दांडी चार इंच आणि दोन सूत खाली आली.

आता तक्त्यात मी पंचेचाळीस लिहिते.
सुपरवायझर लाल गोल करते.
दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पंचेचाळीस लिहिते.

रविवारी मोठी पट्टी मागून घरी नेली.
कशाला, असं त्यांनी विचारलं नाही,
फडक्यात गुंडाळून दिली, गाठ मात्र मलाच मारावी लागली.
आमची मोरी परसात, दोन पायऱ्या उतरून,
आणि मी रात्रभर दुसऱ्याच्या दारात असते तेव्हा
शेजारची पोरगी आम्माजवळ झोपते,
झोप तिची गाढ.
आम्माला पायरीवर उभं केलं,
म्हटलं, डोळे मीट, पडतेस असं समज, हात टाक.
"माजं माप घ्यालीस व्हय गं?
कफनाचं?"
आणि इतकी हसली
की खरंच तोल गेला तिचा,
खरंच हात भिंतीवर गेला.

तिथं मी कोळशानं रेघ मारली.
दांडी पुढच्या पगाराला.