एक हजार एक

बर्गनमध्ये पाऊस थांबायची वाट पाहिली
तर इथे कुणाचं लग्नसुद्धा लागणार नाही,
म्हणून लेतेब्रहानला मी पहिल्याच दिवशी
पावसात काढलं.

वय सत्तेचाळीस. रात्री इस्पितळाच्या फरश्या पुसते,
सकाळी नऊला माझ्या गाडीत येऊन बसते,
बोटांना अजून क्लोरीनचा वास.
माझ्या बाजूला जादा ब्रेक आहे.
एकोणीस वर्षं माझा उजवा पाय
दुसऱ्यांच्या चुकांवर अधांतरी राहिलाय,
आणि गुडघा त्याचं भाडं
रोज रात्री मागतो.

निघण्याआधी तिला टायरपाशी वाकायला लावलं.
भोकाचं नाणं खाचेत उभं धर. बघ किती बुडतंय.
पाण्याला निघून जायला वाट हवी, म्हटलं,
नाहीतर ते तुझ्या चाकाखाली मुक्कामाला येतं.
"पोटभाडेकरू," ती म्हणाली,
आणि नाणं पुसून परत दिलं.

मग रस्ता.
हिवाळ्यात खिळ्यांची टायरं डांबर खरवडतात,
सगळ्या गावाच्या चाकांचे दोन चर पडतात
आणि पाऊस आधी तिथेच भरतो.
सगळे जिथून गेले तिथून जाऊ नकोस.
वीतभर बाजूला.
(ती माझ्याकडे बघायला लागली.
मी खरंच फक्त रस्त्याबद्दल बोलत होते.)

बोगदा संपायच्या आत वायपर.
त्याच्या तोंडाशी पाऊस उभाच असतो
ओली चादर झटकत.

ओसानेच्या उतारावर ती म्हणाली,
"स्टिअरिंग हलकं झालं."
हळूच म्हणाली, जवळजवळ खुशीत,
जसं बाजारातून येताना कुणी
हातातली पिशवी घ्यावी.
ब्रेक नको. वळवू नकोस. पाय उचल.
धरून ठेव, बस.
माझा पाय पेडलच्या वर, कागदाएवढा वर.
दाबला नाही.
काही न करण्याचं शिकवायला
मी तासाला आठशे क्रोन घेते,
आणि ते मलाही दर वेळी नव्याने करावं लागतं.
मग चाकांना रस्ता सापडला.
पिशवी परत हातात आली, जड.
तिने श्वास सोडला. काच धुरकटली.

पुढे माशांचा ट्रक, मागे पाण्याची शेपटी.
त्याने दिव्याचा खांब ओलांडला की मोजायचं:
एक हजार एक, एक हजार दोन,
कोरड्यात तीनपर्यंत, ओल्यात सहापर्यंत.
तिचे ओठ हलायला लागले. तिग्रिन्यामध्ये.
त्या भाषेत हजार लांबलचक असावा,
की तीच प्रत्येक आकडा
चिमुकल्याला झोपवल्यासारखा ठेवत होती, कोण जाणे.
घड्याळ लावून पाहिलं:
तिचे सहा म्हणजे माझे नऊ.
मागच्याने दिवे मारले. एक राखाडी गाडी
त्या जागेत घुसली, पाणी उडवून.
लेतेब्रहानने पाय सैल केला
आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.
आणखी एक घुसली.
पुन्हा पहिल्यापासून.
मी दुरुस्त केलं नाही.

संध्याकाळी एकटी घरी येताना
बसच्या मागे होते. सवयीने मोजलं.
आकडे आखूड निघाले,
दुकान बंद करताना मोजलेल्या चिल्लरीसारखे.
तिच्या भाषेत एकला काय म्हणतात
हे विचारायचं राहिलं.
गुरुवारी विचारते.
गुरुवारीही पाऊसच आहे.