केवळ या शब्दाभोवती पेन्सिल

सदरच्या हॉलमध्ये तिसरी बैठक.
मे महिना. कूलरचं पाणी तळाला,
खसाची ताटी वरून कोरडी.
त्या अंगाला मोहननगरचे फादर कुरियाकोस,
या अंगाला पाळकसाहेब शांतवन उजागरे,
मधे मुक्तिफौजेच्या मेजर एस्तेरबाई, घामेजलेल्या गणवेशात.
मी इतिवृत्त लिहिते.
बँकेतली नोकरी आणि बरं अक्षर,
एवढ्यावर हे काम मिळालं.

दोन तास एकाच वाक्यावर:
मनुष्य केवळ विश्वासाने नीतिमान ठरतो.
पाळकसाहेब म्हणाले, 'केवळ' खोडला
तर पाचशे वर्षं खोडली.
फादर म्हणाले, ठेवला
तर माझ्या आजीच्या उपासांना काय सांगू?
गंमत अशी की या खोलीत
केवळमधला ळ सर्वांत स्वच्छ त्यांचाच.
आमची जुनी माणसं 'केवय' म्हणायची.

मी एकतीस वर्षं तारण पाहिलं आहे.
इतवारी शाखा, सोने तारण, खिडकी चार.
शनिवारी तो शब्द शिक्क्यावर,
रविवारी उपदेशात.
दोघांची ओळख मी कधी करून दिली नव्हती.

एकदा भिवापूरकडची एक म्हातारी आली,
पावतीची चौघडी, कनवटीला नोटा,
एकदाणी सोडवायला.
खातं पाहिलं तर बंद.
मुद्दल, व्याज, सगळं कुणीतरी भरून गेलेलं,
तीन दिवसांपूर्वी.
सही होती, वाचता येईना.
'कोनं भरले वो बाई?'
'माहीत नाही आजी. तुमचा दागिना घ्या.'
घेतला नाही.
बाकड्यावर बसून राहिली, जेवणाची सुट्टी संपेस्तोवर.
'मी त कोनाले मांगतलं नव्हतं.'
मग उठली, अंगठा दिला,
रांगेसमोरच एकदाणी गळ्यात बांधली.

पुढल्या गुरुवारी पिशवीभर मिरची घेऊन हजर.
'ज्यानं भरले, त्याले द्या.'
त्याला कुठून देणार?
मग तिनं शिपायाला दिली, रोखपालाला दिली,
आपापलं सोनं गहाण टाकायला आलेल्या
अनोळखी बायांच्या पदरात दिली.
पुढे दरवर्षी येत राहिली.

त्या मिरचीनं कर्ज फिटलं का?
ते आधीच शून्य होतं.
आणली नसती तर बँकेनं एकदाणी परत मागितली असती?
नाही.
मग कशाला आणायची, हे मी विचारलं नाही.
तिचे हात झोंबत होते आणि ती हसत होती.

हे मी बैठकीत बोलले. चूकच.
लेखनिकानं बोलू नये.
फादर चष्मा पुसत राहिले.
पाळकसाहेब म्हणाले, दाखला चांगला आहे,
पण दाखल्यावर सिद्धांत उभा राहत नाही.
मेजरबाईंनी विचारलं, ती मिरची अजून मिळते का?
तेवढ्यात कूलर नुसताच खडखडू लागला.
फादरनी झगा खोचून बादली उचलली,
पाळकसाहेबांनी मागची जाळी धरली,
अर्धं पाणी टाकीत, अर्धं दोघांच्या चपलांवर.

ठराव: वाक्य तसंच राहील.
'केवळ'भोवती पेन्सिलीचं वर्तुळ.
खोडायचा नाही, शाईनं गिरवायचाही नाही.
जूनमध्ये पुन्हा बसू.

माझ्या आईचा बाप्तिस्मा मोहननगरचा,
नांदणं मेकोसाबागेतलं.
रविवारी तिला दोन घंटा ऐकू यायच्या,
भाकर एकाच मेजावर मिळायची.
शेवटच्या रात्री तिनं फादर मागितले,
बाबांनी पाळक बोलावले.
दोघेही आले, एकाच वेळी.
अरुंद जिन्यात आधी तुम्ही, आधी तुम्ही
करत थांबले, सभ्य माणसं,
आणि वर ती गेली.

हे इतिवृत्तात नाही.
कूलरमध्ये पाणी भरलं, एवढं लिहिलं आहे.